न ओरडणारा राखणदार

ट्रॅक्टरला किल्ली असते, मोटारसायकलला हँडल लॉक असतं. ट्रॉलीला यातलं काहीच नाही. इंजिन नाही, हॉर्न नाही, स्वतःची बॅटरीही नाही. दांडीच्या कड्यात पिन टाकून जो ओढेल त्याच्यामागे ती निघते, मग तो मालक असो की चोर. म्हणून आता तिच्या अंगात एक राखणदार बसवतात. काड्यापेटीएवढी काळी डबी. गावात सगळे तिला नुसतं ‘जीपीएस’ म्हणतात.

हा राखणदार चोराला अडवत नाही. भुंकत नाही, भोंगा वाजवत नाही. त्याचा हा गप्पपणा मला फार मोलाचा वाटतो. साखळी आणि कुलूप चोराला दिसतं, मग तो कटर घेऊनच येतो. कुलूप लावावंच, ते चोराचा वेळ खातं. पण साखळी तुटल्यानंतरही जो कामावर असतो, तो हाच.

तो आभाळाकडे काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ सतत सांगत असतात. ती हाक जमिनीवर यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांच्या हाका ऐकून, कोणती किती उशिरा आली यावरून, तो आपली जागा काढतो. या हिशेबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर 300 मीटरनं हुकतं. उघड्या रानात तो काही मीटरच्या आत बरोबर असतो. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. शंभर मीटरमध्ये आमच्याकडे चार जणांची रानं आणि दोन गोठे येतात. ती खोट काढली गेली म्हणून आज हा राखणदार नेमक्या शेडकडे बोट दाखवू शकतो.

ऐकलेलं मालकाला कळवण्यासाठी मात्र त्याला मोबाइलचा टॉवर लागतो. पोटात सिमकार्ड असतं. यंत्रांसाठीच्या सिमला तेरा आकडी नंबर असतो. घेताना एक गोष्ट पाहावीच लागते. बरीच स्वस्त यंत्रं टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे तिथं त्या कंपनीचं सिम घालून उपयोग नाही. आणि सिमची मुदत संपली तर आत सगळं नीट चालू असूनही तो मुका होतो.

त्याला लपवायचं कुठं, हा वेल्डरच्या वर्कशॉपमधला खरा प्रश्न. “अण्णा, खाली चासीला चिकटवू का?” असं पोरगं विचारतं तेव्हा अण्णांनी नको म्हणायला हवं. लोखंडाखाली आभाळ ऐकू येत नाही. प्लॅस्टिकमधून हाक येते, म्हणून मागच्या लाल दिव्याचा किंवा रिफ्लेक्टरचा डबा ही चांगली जागा. तिथं पाणी शिरू नये म्हणून सील करावं लागतं. बसवल्यावर ट्रॉली रिकामी असताना आणि उसानं भरलेली असताना, दोन्ही वेळा फोनवर ठिपका येतो का ते पाहावं.

त्याची भूक हा सगळ्यांत अवघड भाग. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचं गाळप सुरू झालं की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या पळतात. तेव्हा दिव्यांची वायर ट्रॅक्टरला जोडलेली असते आणि 12 व्होल्टवर राखणदाराचं पोट भरत राहतं. पुढं मार्च-एप्रिलात गाळप संपून पट्टा पडतो. ट्रॉली जॅकवर टेकून बांधाकडेला उभी राहते, ती थेट पुढच्या हंगामापर्यंत. पावसाळ्यात फाळक्याच्या वर गवत येतं, तिकडं आठ-आठ दिवस कुणी फिरकत नाही. चोराला सोयीचे दिवस हेच, आणि राखणदार उपाशी असण्याचे दिवसही हेच. शिवाय चोर ट्रॉली नेताना दिव्यांची वायर कशाला जोडेल? म्हणून ट्रॉलीसाठी स्वतःच्या मोठ्या बॅटरीवर जगणारा, झोपायची सवय असलेला राखणदार घ्यावा. तो दिवसातून एखादवेळा ‘इथंच आहे’ एवढं कळवतो आणि पुन्हा निजतो. मात्र आत एक हालचाल ओळखणारा भाग नाममात्र विजेवर जागा असतो. दांडी उचलली, चाक फिरलं, की तो बाकीच्यांना उठवतो. दीर्घ झोपेतून उठल्यावर उपग्रहांची ताजी माहिती गोळा करायला अर्धं-पाऊण मिनिट जातं, आणि मग फोन वाजतो.

अलीकडं काही जण त्याऐवजी 2021 साली आलेला ॲपलचा एअरटॅग टाकतात. माझ्या मते ट्रॉलीसाठी तो योग्य नाही. त्याला ना उपग्रह ऐकू येतात, ना त्याच्याकडे सिम असतं. आसपासच्या ॲपलच्या फोनांनी त्याला पाहिलं तरच तो सापडतो. पुण्याच्या रस्त्यावर ठीक, पण रात्री दोन वाजता उसाच्या फडातून जाणाऱ्या गाडीवाटेवर असे फोन कुठून येणार? आणि माणसांचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून तो अनोळखी सोबत्याला स्वतःच इशारा देतो. माणसांसाठी हा नियम अगदी योग्य आहे, पण इथं तो इशारा चोरालाच मिळतो.

ठिपका हलू लागला की मालकाचं रक्त तापतं. चार पोरं घेऊन मोटारसायकलवर मागं लागावंसं वाटतं. तसं करू नये. अंधारात समोर किती जण आहेत, हातात काय आहे, हे ठिपका सांगत नाही. आधी पोलिस ठाणं गाठावं आणि चालू लोकेशन तिथल्या अधिकाऱ्याच्या फोनवर द्यावं. ट्रॉली कागलची हद्द ओलांडून निपाणीकडे गेली तर राज्य बदलतं, पण गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पुढं ती पत्र्याच्या शेडात शिरली की आभाळाची हाक बंद होते आणि फोनवर शेवटची जागा तेवढी उरते. बहुतेकदा ती शेडच्या दाराशीच असते.

इतकं करूनही एक गोष्ट या राखणदाराला येत नाही. ट्रॉली कुठं आहे हे तो सांगतो, कुणाची आहे हे सांगू शकत नाही. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये एकाच घाटाच्या ट्रॉल्या बनतात. फाळक्यावरचं ‘ज्योतिबा प्रसन्न’ खरवडून वर निळा रंग मारला की ओळख गेली. तिथं चासीवर ठोकलेला नंबर, आरसी, विकत घेतल्याची पावती आणि आधी काढून ठेवलेले वेल्डिंगच्या खुणांचे फोटो बोलतात. तेही असले तरी सापडलेली ट्रॉली मुद्देमाल ठरते. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ती ठाण्याच्या आवारात उभी असते, फोनवर ठिपका तिथलाच दिसत राहतो, आणि त्या दिवसांत तोड आली तर आपला ऊस भाड्याच्या ट्रॉलीतून कारखान्याला घालावा लागतो.