खोडदची शांतता

आमच्या संगमनेरास आगगाडी नाही. प्रवरा आणि म्हाळुंगी ह्या दोन नद्यांची येथे भेट होते, पुणे-नाशिकचा हमरस्ता गावावरून जातो, पेठ मोठी आहे, दूध, कांदा, टोमॅटो व डाळिंबे ह्यांच्या मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात. परंतु इंजिनाची शिट्टी म्हणून जी ऐकावयाची ती दुसऱ्या तालुक्यात जाऊन. जुना धोंड-मनमाड मार्ग जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाने गेला आणि आम्ही होतो तेथेच राहिलो. म्हणून पुणे-नाशिक जलद रेल्वेची योजना पुढे आली आणि चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २३५ किलोमीटरांचा मार्ग आखला गेला, तेव्हा येथील लोकांच्या मनात केवढी उमेद उत्पन्न झाली असेल ह्याची कल्पना रेल्वेच्या गावी जन्मलेल्या वाचकांस येणे कठीण आहे. पुढे २०२५ साली केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, नारायणगावाजवळ खोडद येथे जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे तीस ह्या मार्गामुळे बाधा पोचते, सबब गाडी शिर्डी व अहिल्यानगर ह्यांवरून न्यावयाची. गावात संताप उसळला, आणि तो साहजिक होता.

आम्ही येथील महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवीत आहोत. त्यामुळे ह्या प्रकरणात आमच्यावर एक चमत्कारिक जबाबदारी येऊन पडली. केशकर्तनालयात, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल तो विचारतो, "सर, त्या दुर्बिणीला ऐकू येते तरी काय?" प्रश्नात राग असतो, थोडी कुचेष्टाही असते, तथापि प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तूपायी आपल्या दारची गाडी गेली ती वस्तू करते काय, हे विचारण्याचा अधिकार गाडी गमावलेल्या माणसास नाही तर कोणास?

उत्तर थोडे लांबून आणावे लागते. आकाशातील एखादी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा आमच्या आकाशगंगेसारखा संसार, छायाचित्रात पाहिली तर ती एक अंधुक ठिपका दिसते. तिच्या शेजारी दुसरा ठिपका असेल. पण दोघे खरोखर शेजारी आहेत की एक दुसऱ्याच्या कित्येक पट मागे आहे, हे चित्र सांगत नाही. आकाशाच्या चित्रास लांबी-रुंदी आहे, खोली नाही. ती खोली वर्णपटाने मिळते. ठिपक्याचा प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघांच्या जाळीतून पसरवला की त्यात विशिष्ट जागी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा प्रयोगशाळेत ठरलेली आहे. दूरच्या दीर्घिकेत त्याच रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या आढळतात. विश्व पसरत असल्यामुळे वाटेत लहरी ताणल्या जातात. हे सरकणे, म्हणजे ताम्रसृती, मोजले की अंतराचा आणि काळाचा अंदाज एकदमच मिळतो.

ह्याचे आमच्याकडचे सुंदर उदाहरण २०१७ सालचे आहे. पुण्याच्या आयुका आणि आयसर ह्या संस्थांतील जयदीप बागची, शिशिर सांख्यायन आदी संशोधकांनी एका मोठ्या आकाश-पाहणीतील ताम्रसृतींचे आकडे तपासता तपासता मीन राशीच्या दिशेस दीर्घिकांच्या समूहांचा एक महासमूह ओळखला आणि त्यास सरस्वती हे नाव दिले. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे, आणि पोटात किमान ४३ दीर्घिकासमूह! नुसत्या छायाचित्रात त्या भागात ठिपक्यांची गर्दी दिसेल एवढेच. भिंतीसारखी उभी असलेली ती रचना प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट घेतल्यावाचून कोणासही दिसली नसती. वर्णपट वजनही सांगतो. झ्विकी नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १९३३ साली एका समूहातील दीर्घिकांचे वेग असेच रेषांवरून काढले आणि त्यास आढळले की, त्या इतक्या वेगाने फिरत आहेत की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने समूह एकत्र राहणेच शक्य नाही. न दिसणारे कांही तरी फार मोठ्या प्रमाणात तेथे असले पाहिजे. ते काय, ह्याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

येथवरची गोष्ट डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाची झाली. तारे मात्र ज्या थंड हायड्रोजन वायूपासून बनतात तो ह्या प्रकाशात जवळजवळ अदृश्य असतो. त्याची रेषा रेडिओ लहरींत आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन. दोघांसही स्वतःभोवतीची एक फिरकी असते, आणि त्या फिरक्या समांतर असल्या तर अणूजवळ किंचित अधिक ऊर्जा राहते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ती ऊर्जा २१ सेंटिमीटरांच्या लहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकटा सोडलेला अणू ह्यासाठी सरासरी १ कोटी १० लक्ष वर्षे वाट पाहतो. पण विश्वात हायड्रोजन एवढा अपार आहे की कोणी ना कोणी अणू कोठे ना कोठे उलटतच असतो. हे भाकीत व्हॅन डी हुल्स्ट नावाच्या तरुण डच विद्यार्थ्याने जर्मनांच्या टाचेखाली असलेल्या हॉलंडात १९४४ च्या एप्रिलात मांडले. त्याच एप्रिलात आमच्याच जिल्ह्यातील अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असलेले पंडित नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहावयास बसले होते. दोन्ही गोष्टींचा परस्पर संबंध कांहीही नाही; परंतु वर्गात हे धडे शिकविताना ती तारीख आली की आम्हांस किल्ल्याचा तो खंदक आठवल्यावाचून राहत नाही. रेषा प्रत्यक्ष ऐकू आली ती १९५१ साली, अमेरिकेत.

खोडदची दुर्बीण ही रेषा ऐकण्यासाठी बांधली गेली. गोविंद स्वरूप ह्यांनी उटकमंड येथे डोंगराच्या उतारावर पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली होती. तिच्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतले. दीर्घिकासमूह जन्मण्यापूर्वी हायड्रोजनचे प्रचंड ढग असावेत आणि त्यांचा मागोवा लागावा, हा मूळच्या हेतूंपैकी एक. ते ढग सापडले नाहीत. लहान वस्तू आधी आणि समूह मागून, असेच सृष्टीचे वळण असल्याचे पुढे दिसून आले. पण यंत्र वाया गेले नाही. स्पंदक तारे, समूहांतील चुंबकीय क्षेत्रे, दीर्घिकांतून उसळणारे झोत, असे किती तरी विषय त्याने हाताळले.

दर वर्षी विज्ञानदिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीस, खोडदची दारे लोकांस उघडी होतात. आम्ही अनेकदा विद्यार्थ्यांस घेऊन गेलो आहोत. चंदनापुरीचा घाट उतरून... नव्हे, पुण्याकडे जाताना तो चढावा लागतो... बोटा, आळेफाटा ही गावे मागे टाकून नारायणगावाहून आत वळले की द्राक्षांच्या व टोमॅटोच्या मळ्यांमधून एकेक पांढरी तबकडी वर डोकावू लागते. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, एकूण तबकड्या ३०. पैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. मुले जवळ जाऊन वर पाहतात आणि निराश होतात, कारण तबकडीस पत्रा नाही. पोलादी तारांची बारीक जाळी दोरांनी ताणून बसविलेली, तिच्यातून पलीकडचे आकाश सरळ दिसते. एका मुलीने विचारले, "सर, एवढ्या भोकांतून लहरी निसटत नाहीत का?" लहरीची लांबी भोकापेक्षा पुष्कळ मोठी असली की तीस ते भोक दिसतच नाही, एवढे सांगितल्यावर तिने क्षणभर विचार करून मान डोलावली. अशी एक मान डोलावली गेली की मास्तराचा दिवस सार्थकी लागतो. त्या जाळीमुळे वारा आरपार जातो, वजन कमी होते, आणि श्रीमंत देशांच्या मानाने थोड्या पैशांत काम भागते. ही स्वरूपांची कल्पना. तिला आम्ही मोठ्या शोधाइतकाच मान देतो.

आता मुख्य गोष्ट. २०२० च्या ऑक्टोबरात आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आदींनी ह्याच दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजल्याचे प्रसिद्ध केले. एवढ्या दुरून एका दीर्घिकेचा आवाज ऐकू येणे अशक्यप्राय. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे आवाज एकत्र केले. पालखीच्या वाटेवर दूर उभे राहिल्यास एका वारकऱ्याच्या टाळाचा नाद ऐकू येत नाही, साऱ्या दिंडीचा येतो. परंतु तोही सर्वांचा ठेका एक असेल तर. येथे प्रत्येक दीर्घिका निरनिराळ्या अंतरावर, त्यामुळे प्रत्येकीची रेषा निरनिराळ्या जागी सरकलेली. ती जागा आधी तंतोतंत ठाऊक असल्यावाचून ठेका जुळवावयाचा कसा? ती माहिती हवाई बेटावरील केक दुर्बिणीने पूर्वीच करून ठेविली होती. तेथे धातूच्या पत्र्यात शंभराहून अधिक बारीक फटी पाडून तितक्या दीर्घिकांचे वर्णपट एकाच वेळी घेतले गेले आणि बव्हंशी ऑक्सिजनच्या एका जोडरेषेवरून ताम्रसृती ठरली. डोळ्याच्या प्रकाशाने पत्ता दिला आणि खोडदच्या जाळीने त्या पत्त्यावर जाऊन ऐकले. आढळले ते असे की, त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, ताऱ्यांच्या वजनास तोडीस तोड. परंतु तारे घडविण्याचा सपाटा असा की तो साठा एकदोनशे कोटी वर्षांत संपून जावा. विश्वात नवे तारे जन्मण्याचे प्रमाण मागाहून का घटले, ह्याचे कारण येथे हातास लागले. कोठार रिते होत गेले आणि भर पुरेशी पडली नाही. स्वरूप त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारले. निबंध छापून आला तो पुढच्या महिन्यात.

आणि आगगाडीचा प्रश्न नेमका येथेच येतो. लोक म्हणतात, "एखादी कंप्रता दुर्बिणीस राखून द्या म्हणजे झाले." राखलेली आहे. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय कराराने खगोलशास्त्रास मोकळा सोडला आहे, कारण स्थिर हायड्रोजनची रेषा १४२० वर येते. पण ८०० कोटी वर्षे प्रवास करून आलेली तीच रेषा ताणली जाऊन सुमारे ७१० वर उतरते; त्याहून जुनी असेल तर आणखी खाली. म्हणजे जितके मागे जावे तितकी ती मोबाइल, दूरचित्रवाणी आणि इतर मानवी गलबल्याच्या पट्ट्यांत शिरते. सारेच पट्टे कोणी कोणास राखून देऊ शकत नाही. तेव्हा राखावयाची ती जागा. खोडद डोंगरांच्या आडोशास आहे म्हणून तर निवडले गेले.

विजेच्या गाडीच्या छपरावरचा सांगाडा वरच्या तारेस घासत जातो आणि तेथे ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे बिनतारी संदेशाचे मूळ यंत्र. हर्ट्झने आणि आमच्या जगदीशचंद्र बोसांनी ठिणगीनेच लहरी उत्पन्न केल्या होत्या. तिचा आवाज एका कंप्रतेवर थांबत नाही, साऱ्या पट्ट्यांवर पसरतो. शिवाय गाडीतील शेकडो प्रवाशांचे मोबाइल. दूरच्या हायड्रोजनचा नाद ह्यापुढे किती क्षीण आहे ते सांगावयास आमच्यापाशी शब्द नाहीत. चंद्रावर एखादा मोबाइल चालू करून ठेवला तर तो रेडिओ आकाशातील अत्यंत तेजस्वी उगमांत गणला जाईल, एवढ्यावरून वाचकांनी ताडावे.

तर मग गाडीची मागणी खुळी काय? मुळीच नाही. आमच्या वर्गातून दर वर्षी मुले पुण्यास शिकावयास जातात आणि सणासुदीस एस.टी.त उभ्याने येतात. रात्री हमरस्त्यावरील अपघाताची बातमी कानी आली की ज्यांची मुले वाटेत आहेत ती घरे जागीच राहतात. आमचेही घर त्यांत होते. दूरच्या दीर्घिकांची कोठारे कशी रिती झाली हे ज्ञान ह्या जाग्रणांची किंमत भरून काढील, असे आम्ही कोणत्याही आईबापांस सांगू धजणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या ओसाड प्रदेशांत आता ह्याहून मोठी दुर्बीण उभी राहत आहे आणि हिंदुस्थानही तीत भागीदार आहे. ओसाड म्हणावयाचे, पण ऑस्ट्रेलियातही तेथील मूळच्या वाजारी लोकांशी बसून करार करावा लागला. खोडदची दुर्बीण तर भरवस्तीत, द्राक्षमळ्यांत आहे. तिच्या शांततेची किंमत भोवतालचे लोक रोज देत आले आहेत. कारखाना काढावयाचा तरी तिची संमती लागते. आमची तक्रार आहे ती एवढीच की, ही किंमत कशासाठी, हे विज्ञानदिनाचे दोन दिवस सोडल्यास कोणी गावोगाव जाऊन सांगितले नाही, आणि गाडी वळली तेव्हा लोकांच्या कानी 'दुर्बीण' हा एक शब्द तेवढा पडला.

मध्यंतरी आमचा एक जुना विद्यार्थी, आता टोमॅटो पिकवतो, सह्यांचा अर्ज घेऊन घरी आला. अर्जात दोन कलमे होती: दुर्बीण हलवावी, आणि रेल्वे संगमनेरवरून न्यावी. "सर, तुमची सही वर पाहिजे," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "पहिले कलम काढ. मार्ग खोडदपासून पुरेसा दूर ठेवून संगमनेरवरूनच न्यावा, असे लिही; लगेच सही करतो." त्याने विचारले, "पुरेसा म्हणजे किती, सर?" किती अंतरावर, कोणत्या डोंगराआड, बोगदा घातल्यास काय, हे मोजून ठरवावे लागेल आणि ते मोजमाप लोकांसमोर मांडावे लागेल, असे आम्ही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. चहा झाला. मग खिशातील पेन काढून त्याने पहिले कलम खोडले आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत नवे वाक्य बसविले. आम्ही सही केली. कागदाची घडी घालता घालता तो म्हणाला, "अगोदर साठसत्तर सह्या झाल्या आहेत, सर. आता त्या सगळ्यांना पुन्हा विचारावे लागेल."