निविदेच्या अटी वाच, मनू

चि. मनूस,


निवडून आल्यापासून तुझ्याकडे हारतुरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली असेल, म्हणून फोन न करता सवडीने वाचायला पत्रच लिहिते आहे. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ सगळा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नळाला पाणी नाही म्हणून सभागृहात ओरडणारंसुद्धा कोणी नव्हतं. आता तू आहेस, याचा मला फार आनंद आहे.

नोकरीची सगळी वर्षं मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली. त्या जोरावर एकच गोष्ट सांगते. प्रभागात बाकडी, पेव्हर ब्लॉक, नामफलक यांसाठी लोक तुझ्या मागे लागतील आणि ती कामं करावीच लागतील. पण शहर किती धूर ओकणार, झाडूवालीला पगार किती मिळणार आणि तिची नोकरी टिकणार की नाही, हे ठरतं निविदेच्या अटी-शर्तींत. स्थायी समितीपुढे या अटींच्या प्रस्तावाचं जाडजूड डॉकेट येतं आणि पुष्कळदा ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पुढे सरकतं. ते डॉकेट तू उघडून वाच.

कचऱ्याचंच बघ. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वेचणाऱ्या बायांना संघटित केलं. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आरोग्य विमाही दिला. याच बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. आज तीन हजारांहून जास्त वेचक त्यात काम करतात. आपल्या सोसायटीत सकाळी येणाऱ्या ताई कधी नीट पाहिल्यास का? ढकलगाडीवर दोन बादल्या, बाजूला लटकवलेली पोती. ओला डबा एका बादलीत रिकामा होतो. सुक्यातून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, काच असं वेगळं होत जातं आणि जे भंगारवाला घेत नाही तेवढंच शेवटी महापालिकेच्या गाडीत पडतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हेही त्यांनीच पुणेकरांना सांगितलं. कारण उघडं पॅड हाताने उचलावं लागायचं ते त्यांना.

आता हिशोब बघ. कंत्राटदाराला टनामागे पैसे दिले की कचरा जितका जड, जितका मिसळलेला, तितकं त्याचं बिल मोठं. वर्गीकरण झालं तर त्याचं नुकसान. वेचक ताईंचं नेमकं उलटं. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री यांवर त्यांचं घर चालतं, म्हणून माल जितका स्वच्छ आणि वेगळा, तितकी त्यांची मिळकत जास्त. डेपोवर जाणारा प्रत्येक टन कमी झाला की डिझेल वाचतं आणि ओला कचरा ढिगाखाली कुजून मिथेनही कमी सुटतो. हा वायू वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी आणि नासलेलं पाणी वर्षानुवर्षं सोसलं, हे विसरू नकोस. हवामान बदलावर भाषण करणारे खूप भेटतील. कचऱ्याच्या निविदेत पैसे कशाचे द्यायचे, वजनाचे की वर्गीकरणाचे, एवढा प्रश्न तू विचारलास तरी त्या भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

2020 च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला, तेव्हा हे काम खासगी कंत्राटदाराला द्यावं असा सूर महापालिकेत निघाला. बाया रस्त्यावर उतरल्या, नागरिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि संस्थेला मुदतवाढ मिळाली. पण दर वेळी मुदतवाढीसाठी हात पसरायला लागणं हा अन्याय आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. ती मेहेरबानी नाही, हे सभागृहात ठणकावून सांग.

नोकरभरतीचं तर मी जवळून पाहिलं आहे. आस्थापना खर्चाला शासनाने 35 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. कायम कामगाराचा पगार त्या शीर्षाखाली दिसतो. तेच काम कंत्राटदाराकडून करून घेतलं की ती रक्कम कामाच्या बिलात जाते आणि कागदावर टक्केवारी सुधारते. माणूस तोच असतो, झाडू तोच असतो, फक्त पीएफ भरला की नाही हे बघणारं कोणी नसतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई अनेक वर्षं लढली आणि 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा आदेश 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. त्याआधी 2016 मध्ये त्याच न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन हे तत्त्व लागू केलं होतं. कायदा कामगाराच्या बाजूने आहे. मंजूर पदांच्या आकृतिबंधातल्या रिक्त जागा किती आणि त्या जागी कंत्राटी किती, हे प्रश्नोत्तरात लेखी माग. लेखी उत्तर नोंदीत राहतं, तोंडी उत्तर हवेत विरतं.

‘सर्वात कमी दराची निविदा सोडून दुसरी घेतली तर लेखापरीक्षणात अडकू,’ असं अधिकारी तुला सांगतील. त्यांची भीती खरी असते. म्हणून दर उघडल्यावर भांडण्यात अर्थ नाही, अटी निविदा निघण्यापूर्वी घालाव्या लागतात. ब्रिटनमध्ये 2012 साली सामाजिक मूल्याचा कायदा झाला. सेवा विकत घेताना परिसराचं सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय भलं कसं होईल याचा विचार खरेदीच्या आधीच करायचा, असं त्याने तिथल्या स्थानिक संस्थांवर बंधन घातलं. आपल्याकडे मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा आणला आणि 2024 मध्ये हवामान अर्थसंकल्प मांडला. कोणत्या कामावरचा पैसा हवामानासाठी खर्च होतो, हे त्यात शोधता येतं. पुण्याच्या अंदाजपत्रकातही तसा तक्ता मागायला तुला कोणी अडवलेलं नाही.

कचरा उचलण्याची किंवा झाडणकामाची पुढची निविदा येईल, तेव्हा तीन गोष्टींसाठी उपसूचना दे. वर्गीकरणावर मोबदला, कामगाराच्या बँक खात्यात किमान वेतन आणि पीएफ भरल्याचा पुरावा आल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल नाही, आणि सध्याच्या वेचकांना कामात पहिला हक्क. अनुमोदक शोध, विरोधी बाकावरचा मिळाला तरी चालेल. तिन्ही फेटाळल्या तर विरोधात मत दे आणि ते इतिवृत्तात नोंदवून घे. डॉकेट समजलं नाही तर मला पाठव, मी बसून वाचून देईन.

तुझी,
मावशी