अब्बांच्या वावरातला टॉवर

आम्ही दोघी बहिणी. एक खामगावला दिलेली, दुसरी मलकापूरला. माहेर चिखली तालुक्यात. साडेचार एकर वावर, एक विहीर आणि धुऱ्यावर आजोबांनी लावलेला आंबा. अब्बांच्या इंतकालानंतर भाईजान म्हणाले, "फेरफाराचं काम आहे, तुमच्या सह्या लागतील." आम्ही रजिस्ट्री कचेरीत गेलो, हक्कसोड पत्रावर सह्या केल्या आणि येताना बाजारात ऊसाचा रस पिऊन आपापल्या घरी परतलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. माहेराचा दरवाजा उघडा राहावा, एवढेच मनात होते. बापाच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. पण भावापुढे ते बोलायचे कसे, हे कोणी शिकवले नव्हते. सातबाऱ्यावर अम्मी आणि दोन्ही भावांची नावे राहिली.

तीन वर्षांनी आम्ही ईदसाठी गेलो, तेव्हा वावरात लाल रंग लावलेले दगड पुरलेले दिसले. 220 केव्हीची लाईन जाणार होती. आमच्या जिल्ह्याला अशा लाईनी नव्या नाहीत. विदर्भाच्या पूर्वेकडे वीज तयार होते आणि पश्चिमेकडे जाते. तिरोडा, कोराडी, अकोला, औरंगाबाद अशी 765 केव्हीची मोठी वाहिनी बुलढाणा जिल्हा ओलांडूनच जाते. पण मोठी लाईन दुसऱ्याच्या वावरात उभी असते तोवर आपण एसटीच्या खिडकीतून तिचे टॉवर मोजतो. आपल्या वावरात दगड पुरला की झोप उडते.

लाईन नको, असे आमच्या घरात कोणी म्हटले नाही. भाईजान हरभऱ्याला रात्री दोन वाजता पाणी देतात, कारण वीज तेव्हाच येते. एका हिवाळ्यात बॅटरीच्या उजेडात त्यांचा पाय सापावर पडता पडता राहिला. वीज पुरेशी यायची तर तारा कुणाच्या तरी शेतातून जाणारच.

आमचा समज होता की सरकार जमीन विकत घेईल. तसे नसते. 2003 च्या वीज कायद्यातील कलम 164 प्रमाणे लाईन टाकणाऱ्याला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात. जमीन तुमच्याच नावावर राहते, त्याला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्याने नुकसान कमीत कमी करायचे आणि पूर्ण भरपाई द्यायची. अडवणूक झाली तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. रक्कम अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. हे सगळे आम्हाला फार उशिरा कळले. लाईन ठरण्याआधी वर्तमानपत्रात गावांची यादी छापून येते, हरकतीसाठी मुदत असते. रेषा थोडी सरकवायची तर तेव्हाच. पाया खोदल्यावर कोण ऐकतो? आणि खेड्यात त्या जाहिराती वाचतो तरी कोण?

सोयाबीन उभे असताना पाया खोदला गेला. चार पायांचे चार खड्डे, शिवाय ट्रॅक्टरची चाके, रेती, खडी. तारा ओढायला माणसे पुन्हा आली तेव्हा हरभरा घाट्यावर होता. तारांखाली 35 मीटरचा पट्टा सुटला. त्यात पेरता येते, पण घर बांधता येत नाही, उंच झाड ठेवता येत नाही. आंबा त्याच पट्ट्यात होता. तो तोडला त्या दिवशी अम्मी असरपासून इशापर्यंत मुसल्ल्यावरच बसून होती.

मग मोबदला आला. पिकाचा वेगळा, झाडाचा वेगळा, टॉवरखालच्या जमिनीचा वेगळा. कागदावर नावे तीन. आमच्यापैकी धाकटी एकदम बोलून गेली, "भाईजान, पीक तुम्ही पेरलं, ते पैसे तुमचेच. पण हे जमिनीचे पैसे अब्बांच्या जमिनीचे आहेत ना?"

भाईजान म्हणाले, "हक्कसोड केलंत की तुम्ही."

कायद्याने ते बरोबरच होते. आम्ही गप्प बसलो. अम्मी मात्र गप्प बसली नाही. ती म्हणाली, "पोरींना सही करताना कुणी विचारलं होतं का, देताय की नाही म्हणून? मीही नाही विचारलं. तो गुनाह माझाही आहे."

त्यानंतर दोन महिने माहेराहून फोन नाही. ते दोन महिने कसे गेले, ते बहिणींनाच कळेल. नवऱ्यांकडूनही ऐकावे लागले, ते निराळे.

एका जुम्याला भाईजान खामगावच्या दारात उभे. हातात वहीचा फाटका कागद. पिकाचे पैसे बाजूला काढलेले, जमिनीच्या आणि आंब्याच्या पैशांचे 48 हिस्से केलेले: अम्मीचे 6, दोघा भावांचे 14-14, आम्हा दोघींचे 7-7. मशिदीतल्या मौलानांकडून हिशेब तपासून आणला होता. रक्कम फार मोठी नव्हती. एका बहिणीची शिलाई मशीन आली, दुसरीने लेकीची फी भरली. "धाकट्याचं मी सांगू शकत नाही," भाईजान म्हणाले. धाकट्या भावाने अजून आपल्याकडचे दिलेले नाहीत. आम्ही मागितलेही नाहीत. जमिनीत नावे परत लावायची का, हा विषय तर अजून कोणी काढलेलाच नाही.

आमच्या वेळी केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना होत्या: टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या 85 टक्के, पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15. जून 2024 च्या सूचनांत ते 200 आणि 30 टक्के झाले. प्रत्यक्ष किती मिळेल, ते राज्याच्या शासन निर्णयावर असते. ज्या गावांत आता दगड पुरले जातील, तिथे रक्कम मोठी असेल. तिथल्या बहिणींनी सातबारा आत्ताच काढून पाहावा, आणि भावांनीही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी माहेरी गेलो. अम्मीला पुन्हा आंबा लावायचा होता. भाईजानने दोर आणला, तारांच्या मधल्या रेषेपासून साडेसतरा मीटर मोजले, वर आणखी पाच पावले टाकली आणि खड्डा केला. अम्मीने रोप धरले, आम्ही माती लोटली. वर तारा गुणगुणत होत्या; दमट हवेत त्या गुणगुणतात म्हणे. रोपाला पहिले पाणी विहिरीवरून बादलीनेच घालावे लागले. वीज रात्री येणार होती.