पाणमांजरांना किती मार्क?

सिंगापूरला मोजायची भारी हौस. त्यामुळे शहरातल्या जैवविविधतेची गुणपत्रिकाही इथूनच निघाली, याचं मला नवल वाटलं नाही. 2008 साली बॉनच्या जैवविविधता परिषदेत सिंगापूरने ही कल्पना मांडली आणि तिचं नावच पडलं ‘सिंगापूर इंडेक्स’. सुरुवातीला निकष 23, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार गुण, एकूण 92. 2021च्या सुधारणेत निकष 28 झाले. देशी पक्षी-फुलपाखरं किती, हिरवे पट्टे जोडलेले आहेत की तुटक, पाणी मुरायला जमीन किती उरली, हे शहराने आपलं आपणच तपासायचं. पहिली मोजणी हा पाया. पुढची तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी.

जुन्या 23 पैकी नऊ निकष मात्र चक्क कारभाराचे होते: बजेट, नियम, खात्यांचा ताळमेळ वगैरे. पक्ष्यांच्या पेपरात फायलींना मार्क! हसू येत असेल तर बिशान पार्कात चक्कर मारा. इथे कलांग नदी म्हणजे सिमेंटचा सरळसोट कालवा होता. 2012 पर्यंत तो फोडून 2.7 किलोमीटरच्या कालव्याची 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. कालवा पाणी खात्याचा, बाग उद्यान खात्याची. या दोघांचं जमलं नसतं तर आजही सिमेंटच असतं. पुढे पाणमांजरांनी तिथे संसार थाटला. सकाळी काठावर ती मासा दोन्ही पंजांत धरून खातात, तेव्हा हाडं मोडल्याचा आवाज पायवाटेपर्यंत येतो. पोरंटोरं, आजीआजोबा सगळे फोन सरसावून उभे.

हे कौतुक आमच्या कॉन्डोच्या फाटकापाशी संपलं. एका रात्रीत तळ्यातले कोई मासे फस्त! सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता हलकल्लोळ. बागेत पाणमांजरांचे व्हिडिओ काढणारेच आता ‘यांना पकडून न्या’ म्हणू लागले. कोई कितीही महागडा असो, इंडेक्सच्या जमेच्या बाजूला त्याचं शून्यच, कारण तो परदेशी. (आम्ही पर्मनंट रेसिडेंट, आमचं विचारू नका.) आणि त्याला खाणारं पाणमांजर अस्सल इथलं.

समितीने फाटकाखालची फट जाळीने बुजवली आणि नवे कोई मागवले. तळ्यात देशी मासे सोडावेत, काठाला थोडं गवत वाढू द्यावं, असं मी सुचवून पाहिलं. मीटिंगच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे दोनच शब्द आले: ‘नोंद घेतली.’ त्याखालचा ठराव नव्या माशांच्या बिलाचा होता, तो एकमताने मंजूर.