मीठ कोणाचे?

मराठी राजकारणाच्या शब्दसंग्रहाकडे भाषेच्या अभ्यासकाने पाहिले, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ‘मसलत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी कल्याणाची, हिताची कल्पना आहे. मराठीत त्याचा अर्थ प्रथम सल्ला असा झाला, मग मोहीम असा झाला, आणि अखेरीस त्याला कटाचाही वास येऊ लागला. ‘खलबत’ म्हणजे मूळचा नुसता एकांत. पण कोठे खलबते चालली आहेत असे ऐकले की आपण सावध होतो. ‘मुत्सद्दी’ हा फारसीतला साधा लेखनिक. आपल्याकडे तो राज्ये सावरणारा आणि उलथवणारा पुरुष झाला. सत्ताधाऱ्याच्या कानाशी बसणाऱ्या माणसाविषयी मराठी मनात जो आदर आणि जो संशय एकाच वेळी वसत असतो, त्याची साक्ष या शब्दांनी दिली आहे.

या माणसाची परीक्षा घेण्यासाठी आपल्या भाषेने एकच कसोटी प्रचारात ठेवली, ती म्हणजे खाल्ल्या मिठाला जागण्याची. ही कसोटी वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु ती मीठ देणारा एकच आहे असे गृहीत धरते. ज्याला एकाच्या हातून वेतन, दुसऱ्याच्या हातून अधिकार आणि तिसऱ्याच्या घामातून दोन्ही मिळतात, त्याने कोणाच्या मिठाला जागावे? निष्ठा आणि सचोटी यांचा जो झगडा सल्लागाराच्या आयुष्यात दिसतो असे आपण म्हणतो, तो बहुधा या एका प्रश्नाचा झगडा असतो असे मला वाटते.

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत अभ्यागत म्हणून शिकवताना मला एक लाभ झाला. एकच कथा समोरच्या वर्गात चार भाषांतून ऐकू येते. रामायणातील बिभीषणाचा विषय निघाला म्हणजे हे विशेष जाणवते. बिभीषण आणि कुंभकर्ण हे दोघेही रावणाचे भाऊ, दोघेही सल्लागार, आणि सीतेला परत पाठवावे हा दोघांचाही अभिप्राय. एकाने सल्ला झिडकारला जाताच लंका सोडली. दुसऱ्याने राजाला दोष दिला आणि मग त्याच राजासाठी प्राण दिले. तमिळ विद्यार्थी कंबनाच्या कुंभकर्णाविषयी बोलू लागला की त्याचा आवाज बदलतो. ज्याने वाढवले त्याला आपत्तीत टाकून जाणार नाही, असे रणभूमीवर बिभीषणाला सांगणारा तो राक्षस त्याला पूज्य वाटतो. बंगाली विद्यार्थिनीला मायकेल मधुसूदन दत्तांच्या १८६१ सालच्या ‘मेघनादवध काव्या’तला मेघनाद आठवतो, शत्रूला घरात आणणाऱ्या काकाची त्याने केलेली निर्भर्त्सना तिच्या लहानपणापासून कानात असते. आणि हिंदी प्रदेशातून आलेला विद्यार्थी, ज्याच्या घरी बिभीषण हा रामभक्त म्हणून पूजिला जातो, तोही ‘घर का भेदी’ ही म्हण तितक्याच सहजपणे वापरतो.

वाल्मीकीने मात्र बिभीषणावरचा आरोप स्वतःच नोंदवून ठेवला आहे, ही गोष्ट आपण विसरतो. बिभीषण शरण आला तेव्हा त्याला आश्रय देऊ नये असे सुग्रीवाचे मत होते. संकटात भावाला सोडणारा उद्या कोणाला सोडणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाला उत्तर एवढेच देता येते की बिभीषणाने आपले मत आधी भर सभेत, राजाच्या तोंडावर मांडले होते; अपमान सोसूनही मांडले होते. तरीही पुढे लंकेचे राज्य त्यालाच मिळाले, हा सल आपल्या मनातून जात नाही. म्हणजे आपण नकळत दोन गोष्टी तपासत असतो. जे नंतर जगाला सांगितले ते आधी धन्याला सांगितले होते काय? आणि सोडून गेल्यावर पदरात काय पडले?

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त या प्रश्नाचे एक विलक्षण रूप दिसते. नंदवंश नष्ट झाला आहे, तरी अमात्य राक्षस त्याच्याशी एकनिष्ठ आहे. चाणक्याला हा माणूस मारायचा नाही. त्याला चंद्रगुप्ताच्या अमात्यपदी बसवायचे आहे. जो पराभूत धन्याला सोडत नाही तोच विजयी राजाला हवा, हे चाणक्याने ओळखले. पण राक्षसाला वश करण्यासाठी त्याच्याच मुद्रेचा जो वापर, जी खोटी पत्रे आणि मित्राच्या वधाचा जो देखावा रचावा लागला, त्यामुळे नाटक संपल्यावर मनात शंका उरते: निष्ठेचे असे हस्तांतर झाल्यावर ती निष्ठाच उरते काय? राक्षस मित्राचे प्राण वाचवण्यासाठी पद स्वीकारतो. नाटककाराने त्याला लाभाचा आनंद दिलेला नाही, ही त्याची सूक्ष्म न्यायबुद्धी होय.

पुराण आणि नाटक सोडून इतिहासाकडे वळले की मराठी परंपरा आपल्यापुढे साडेतीन शहाणे उभे करते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन. आणि तलवारीचे अंग नव्हते म्हणून नाना फडणीस अर्धे. या गणनेत बुद्धीचे माप आहे, निष्ठेचे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तेव्हा त्या दरबाराचा दिवाण मराठी ब्राह्मण होता. त्याच वर्षी १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनच्या लढाईत पेशव्यांच्या सैन्याशी लढताना विठ्ठल सुंदर पडले. तत्पूर्वी निजामाच्या बाजूस असलेले जानोजी भोसले त्याची साथ सोडून गेले होते. मिठाच्या कसोटीने पाहिले तर त्या रणांगणावर धन्याला अखेरपर्यंत जागलेला मुत्सद्दी विठ्ठल सुंदरच ठरतो. तरीही मराठी लोकस्मृतीने त्याचे शहाणपण मान्य केले आणि त्याच्या निष्ठेचे काय करावे हे तिला कळले नाही.

सखारामबापूंची गोष्ट अधिक खेदाची. रघुनाथरावांचे ते दीर्घकाळचे सल्लागार. १७७३ साली नारायणरावांचा खून झाल्यानंतर ते बारभाईंच्या कारस्थानात अग्रभागी होते. १७७६ च्या पुरंदरच्या तहात त्यांचा हात होता. आणि १७७८ च्या मोरोबा फडणिसांच्या कटाशी, म्हणजे रघुनाथरावांना परत आणण्याच्या खटपटीशी, पुन्हा त्यांचे नाव जोडले गेले. १७८१ साली कैदेत त्यांचा अंत झाला. त्याच खुनानंतर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांशी त्यांची तुलना नेहमी केली जाते. ती पूर्णपणे न्याय्य नाही. रामशास्त्री न्यायाधीश होते. निवाडा देऊन दूर होणे हे त्यांच्या पदाच्या धर्मातच बसत होते. सल्लागार निघून गेला तर त्याची जागा रिकामी राहत नाही. तेथे अधिक लवचिक कण्याचा माणूस येऊन बसतो. ‘मी नसतो तर याहून वाईट झाले असते’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येक सल्लागाराच्या ओठांवर असते, आणि अडचण अशी की ते कधी कधी खरेही असते.

हा पेच सर्वांत स्पष्टपणे पाहायचा असेल तर १८७४ ते १८८२ या काळातील बडोद्याकडे जावे. मल्हारराव गायकवाडांची कारकीर्द. १८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून तेथे गेले. एका बाजूस दरबारातले जुने हितसंबंधी, दुसऱ्या बाजूस आरंभापासून विरोधात असलेले रेसिडेंट कर्नल फेअर, आणि मध्ये स्वतःच्या हितालाही न जागणारा राजा. दादाभाईंनी कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला आणि जानेवारी १८७५ मध्ये पद सोडले. त्याच महिन्यात, रेसिडेंटवर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून, मल्हाररावांना अटक झाली. बुडत्या धन्याला सोडले असे दादाभाईंविषयी कोणी म्हणू शकला असता. परंतु बडोदे सोडताना त्यांनी दुसऱ्या कोणाचे मीठ पदरात पाडून घेतले नव्हते.

आरोपाच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला गेला, त्यात तीन इंग्रज अधिकारी होते आणि तीन भारतीय: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. या तिसऱ्या नावाशी मी नेहमी थांबतो. दिनकरराव १८५२ ते १८५९ ग्वाल्हेरचे दिवाण होते. १८५७ च्या उठावात शिंद्यांना इंग्रजांच्या बाजूस ठेवण्यात त्यांच्या सल्ल्याचा मोठा वाटा होता. पुढे गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळावर जे पहिले भारतीय बसले, त्यांत ते होते. इंग्रजांनी त्यांना किताब दिला. राष्ट्रीय इतिहासलेखनाच्या दृष्टीने असा माणूस ‘इंग्रजनिष्ठ’ या एका शब्दात निकालात निघतो. सरकारलाही तो आपलाच वाटला असला पाहिजे. परंतु प्रत्यक्ष निर्णयाची वेळ आली तेव्हा तिन्ही इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. तिन्ही भारतीय सदस्यांनी तसे मानले नाही. राजे हे राजाच्या बाजूने कलले असे दोघांबद्दल म्हणता येईल. दिनकरराव राजे नव्हते. त्यांना मिळालेला प्रत्येक मान ज्या सत्तेने दिला होता, तिच्या अपेक्षेविरुद्ध त्यांनी आपला अभिप्राय दिला. आयोग समसमान विभागला गेला, आणि सरकारला एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करताना विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले.

रयतेच्या दृष्टीने तो कारभार खरोखरच वाईट होता, हेही विसरता कामा नये. दिनकररावांच्या मताने महाराज वाचले नाहीत, आणि ते वाचायला हवे होते असेही मी म्हणत नाही. परंतु जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले म्हणायचे नाही, एवढीच त्या मताची किंमत आहे. ती पुरेशी आहे.

यानंतर आले सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी परंपरेत, कुंभकोणमला जन्मलेले. त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी केलेले. गादीवर बारा वर्षांचे सयाजीराव, आणि दिवाण इंग्रज सरकारच्या संमतीने आलेला. मीठ कोणाचे हा प्रश्न येथे अगदी उघडा होता. माधवरावांनी राज्याची घडी बसवली आणि तरुण महाराजांपुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली; ती १८८१ साली ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाची कर्तव्ये, मंत्र्यांशी वागणूक, सार्वभौम सत्तेशी संबंध हे त्यांचे विषय. त्यांत सावधपणा पुष्कळ आहे. साम्राज्याला दुखवू नये ही दक्षता तर पानोपानी आहे. तरीही, सर्व अधिकार हाती असताना दिवाण अल्पवयीन राजाला दिवाणावर विसंबून न राहण्याइतके शहाणे करू पाहतो, ही गोष्ट लहान नाही. सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाल्यावर वर्षभरातच, १८८२ मध्ये, माधवराव बडोद्याहून गेले.

संस्थाने गेली, राज्ये आली. आता सल्लागाराला वेतन राजाच्या खाजगीतून मिळत नाही, राज्याच्या तिजोरीतून मिळते. वस्तुतः ते पूर्वीही रयतेचेच होते. ज्या मिठाची शपथ घातली जाई त्या मिठावरचा कर कोण भरत होते, हे १९३० साली साऱ्या देशाने पाहिले. आमदारांच्या निष्ठेसाठी १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. सल्लागाराच्या निष्ठेसाठी असा कायदा नाही, होऊही शकणार नाही. त्याची निष्ठा आणि तिचा भंग ही दोन्ही बंद दाराआड घडतात.

माझा एक जुना स्नेही एका राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात काही वर्षे सल्लागार होता. राज्य कोणते आणि पक्ष कोणता, हे येथे अप्रस्तुत आहे. पद सोडल्यावर त्याने आठवणी लिहिल्या आणि हस्तलिखित माझ्याकडे वाचायला पाठवले. मजकूर चांगला होता, धीटही होता. एका धरणाच्या पुनर्वसनाच्या यादीतून काही वाड्या कशा गळाल्या, कोणाच्या शब्दावरून गळाल्या, हे त्याने कागदपत्रांच्या आधारे दाखवले होते. मी दोन रात्रीत ते वाचून काढले आणि त्याला विचारले, “त्या यादीवर तुझी टिप्पणी काय होती?” तो म्हणाला, “लेखी नव्हती. तोंडी सांगितले.” थोडा वेळ थांबून म्हणाला, “सांगणार होतो.”

त्याने हस्तलिखित परत नेले. त्याला मी काही उपदेश केला नाही. रोज सकाळी ज्याच्या दालनात जायचे त्याच्या तोंडावर नकार देणे किती कठीण असते, हे दालनाबाहेरच्या प्राध्यापकाने सांगण्यासारखे नाही. चार महिन्यांनी त्याच्याकडून टपालाने सहा पाने आली. त्या दिवसाची हकीकत होती: तो दालनात होता, यादी टेबलावर होती, वाड्यांची नावे त्याला पाठ होती, आणि मुख्यमंत्र्यांनी ‘काही राहिले का?’ असे विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला होता. सोबत चिठ्ठी होती की हे प्रकरण आता पुस्तकाच्या आरंभी जाईल. आणि त्या वाड्यांपैकी एकीवर जाऊन लोकांना त्याने ती पाने वाचून दाखवली आहेत. लोक काय म्हणाले, ते त्याने कळवलेले नाही. मीही विचारले नाही.