पुडीचं बिल

तबल्याची पुडी बदलल्याचं बिल आमच्या शाळेच्या लेखापरीक्षणात अडकलं. त्याला बरेच दिवस झाले, पण माझा राग काही उतरत नाही.

खामगाव तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, पण सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथेच. आमचा सगळ्या शाळेचा मिळून तेवढा नाही. पेटी-तबला गावाने वर्गणी काढून दिला. शिकवायला पखवाज वाजवणारे बुवा शनिवारी यायचे. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन आलेले. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "मले पैशे नको मॅडम. पोरायचा हात बसू द्या."

उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदरांनी पुड्या कुरतडल्या, डग्ग्याची वादीही तोडली. मुख्याध्यापक सर स्वतः अकोल्याला कारागिराकडे घेऊन गेले. रक्कम दोन हजारांच्या आतली. त्याने वहीतला कागद फाडून सही करून दिला. पिढ्यान्‌पिढ्या कातडं ओढणाऱ्या माणसाकडे छापील पावतीपुस्तक कुठलं? आक्षेप आला तो असा: बिलावर जीएसटी क्रमांक नाही, तीन दरपत्रकं जोडलेली नाहीत आणि संगीत हा विषय शाळेला मंजूर नाही. पहिले दोन मी सोडून देते. पण तिसरा? बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' पुस्तकात गायन-वादन छापलेलं आहे, ते आम्ही कशावर वाजवायचं? बाकावर? पुस्तक उघडून दाखवलं. समोरच्या साहेबांनी पान उलटलं, "छान चित्रं आहेत" म्हणाले आणि वसुली कायम ठेवली. सरांनी पैसे खिशातून भरले.

गंमत म्हणजे त्याच वर्षी घेतलेल्या स्पीकरच्या बिलावर कुणी बोट ठेवलं नाही. 2023 साली 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, तेव्हापासून परिपाठाला ते स्पीकरवर लागतं. मुलं ओठ हलवतात. स्पीकरचं बिल मात्र पक्कं होतं.

तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25 हजार. त्यात वीज, खडू, फिनाईल, नळाची तोटी. अशात संगीताचा वेगळा शिक्षक शाळागणिक मागणं वेडेपणाच. पण केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक शिक्षक फिरता ठेवता येईल, आणि गावात टाळ-मृदंग वाजवणारी माणसं आहेतच, त्यांना तासाचं मानधन द्या. आपल्या जिल्ह्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. दुरुस्तीला वेगळं लेखाशीर्ष ठेवा आणि कारागिराच्या साध्या सहीवर विश्वास ठेवा.

हे सगळं मी अर्जात लिहिलंही. मात्र पाठवताना हात अडखळला. विषय मंजूर झाला की नोंदवही येणार, श्रेणी येणार. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाचे सवलतीचे गुण मिळतात हे कळल्यापासून एक पालक मला दर आठवड्याला विचारतात, "मॅडम, तबल्याचे किती मार्क?" त्यांचा मुलगा हल्ली ठेका धरताना घड्याळाकडे बघतो. पूर्वी बुवांच्या बोटांकडे बघायचा. मंजुरी नसलेलाच विषय बरा होता, असं कधी कधी वाटतं. तरी अर्ज पाठवला, कारण पुढच्या उन्हाळ्यात उंदीर येणारच आणि सरांच्या खिशातून पुन्हा पैसे काढायला मला लाज वाटते.