सेमीच्या वर्गात मराठी बोल

लोणंद

चि. बाळीस,

परवा फोनवर धड बोलता आलं नाही. इकडे माउलींच्या पालखीच्या मुक्कामाची तयारी चाललीय, त्या गलक्यात काही ऐकू येईना. पण एवढं कळलं की सेमी-इंग्रजीच्या तुकडीवर विज्ञान निव्वळ इंग्रजीतूनच बोलायचं अशी तुला सूचना आहे, आणि पोरं तोंड उघडत नाहीत.

आधी सेमीचा हिशेब मांड. दहावीचे एकूण गुण 600. त्यात बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20 मिळून गणिताचे 100. विज्ञानाचे दोन भाग 40-40 आणि अंतर्गत 20 मिळून आणखी 100. हे 200 गुण इंग्रजीतून. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मराठीतून, आणि भाषा आपापल्या जागी. ही वाटणी पुस्तकांची आणि उत्तरपत्रिकेची आहे. फळ्यासमोर तू कशात समजावलंस, याचा पेपर बोर्ड तपासत नाही.

विज्ञानाच्या पहिल्या भागातला विद्युतधारेच्या परिणामांचा धडा घे. पुस्तकात मोटर आहे, तिला चुंबक, कॉइल, कार्बनचे ब्रश, आणि सोबत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. इंग्रजीत वाचून दाखवलास तर पोरं माना डोलावतील आणि घंटेची वाट बघतील. त्याऐवजी विचार, कुणाच्या विहिरीवरची मोटर जळली होती? तुझ्या विट्याकडं काय, आमच्याकडं काय, निम्मा वर्ग बोलायला लागेल. वायंडिंगला किती पैसे पडले, एक फेज गेला तर मोटर नुसती का घुमते, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं. मग एखादा हमखास म्हणेल, "मॅडम, आमच्या मोटरीला ब्रश नसतात." बरोबर आहे त्याचं. विहिरीवर थ्री फेजची इंडक्शन मोटर असते. तिच्या रोटरमध्ये प्रवाह प्रवर्तनानं तयार होतो, ब्रश लागतच नाहीत. ब्रश बघायचे तर घरचा मिक्सर खोलायचा. प्रवर्तन त्याच धड्यात पुढं आहे, म्हणजे तुला आयता रस्ता मिळाला. हा प्रश्न इंग्रजीतून यायला तू वर्षभर थांबशील. तो मराठीत येऊ दे, उत्तर मात्र वहीत इंग्रजीत लिहून घे, वाक्य चुकलं तर दुरुस्त करून.

ही माझी पळवाट नाही. वेल्समध्ये वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत चालणाऱ्या शाळा आहेत, तिथंही कुठला विषय कुठल्या भाषेत हा घोळ आहेच. बँगोरच्या केन विल्यम्स यांनी 1994 साली जी पद्धत मांडली ती अशीच: एका भाषेत वाचायचं-ऐकायचं, दुसरीत लिहायचं. मुद्दा डोक्यात मुरल्याशिवाय भाषा बदलता येत नाही, हे त्यामागचं गणित. पुढं त्यावर जगभर लिहिलं गेलं. आपल्याकडं निम्मे मास्तर दार लोटून घेऊन तेच करतात आणि साहेब आले की इंग्रजीवर येतात.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही, गैरसमज नको. आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असं सांगितलं, ते मराठी कवितेतून. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत येतं आणि सीईटीचा गणिताचा पेपरही इंग्रजीतच असतो, म्हणून आईबाप सेमी मागतात. त्यांचं काही चुकत नाही. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते, पण खेड्यातल्या किती घरांना हे कुणी सांगितलंय?

मला राग आहे तो तुकड्यांचा. बऱ्याच हायस्कुलांत गुण बघून सेमी भरतात. मग सेमी म्हणजे हुशार आणि मराठी म्हणजे उरलेली, हे आठवीतच ठरून जातं, आणि त्या पोरांना ते तोंडावर ऐकवलंही जातं. वेळापत्रक तुझ्या हातात नाही. पण तुला मराठी तुकडीचे तास असतील, तर तिथंही प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिही आणि आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत मागून बघ. त्यांच्यातलीही काही अकरावी सायन्सला जाणारच आहेत.

मुख्याध्यापकांशी भांडू नकोस. असं शिकवून बघ, मग पहिल्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन जा आणि त्यांच्यापुढं ठेव.

तुझा,
मामा